मुक्कामी गाडी आणि पडद्यावरचे शहर

शहर वसवण्याच्या संगणकीय खेळांत सार्वजनिक वाहतुकीचा श्रीगणेशा बहुधा बसनेच होतो, कारण बसला रूळ लागत नाहीत, बोगदा लागत नाही, आधीच बांधलेल्या रस्त्यावर चार थांबे टाकले की ती धावू लागते, आणि चुकलेला मार्ग पुसून नवा काढायला काही क्षण पुरतात. फिनलंडमधील ताम्पेरे येथील कोलोसल ऑर्डर या छोट्या चमूने घडवलेला आणि स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने १० मार्च २०१५ रोजी बाजारात आणलेला ‘सिटीज: स्कायलाइन्स’ हा या प्रकारातील अतिशय लोकप्रिय खेळ होय, याच चमूचा २०११ मधील ‘सिटीज इन मोशन’ हा खेळ तर निव्वळ शहरी वाहतुकीवर बेतलेला होता, त्यामुळे बसमार्गांची आखणी हा त्यांचा हातखंडा विषय होता असे म्हणायला हरकत नाही. या खेळात खेळाडू आधी रस्त्यालगत बसचे आगार बांधतो, मग नकाशावर एकामागून एक थांबे टिपत जातो आणि अखेर पुन्हा पहिल्या थांब्यावर येऊन रेषा मिटवतो. रेषा मिटली, म्हणजे वर्तुळ पुरे झाले, तरच तो मार्ग ग्राह्य धरला जातो आणि आगारातून गाड्या बाहेर पडतात. प्रत्येक मार्गाला स्वतःचा रंग असतो, एका बसमध्ये ३० माणसे मावतात, आणि पडद्यावरचा प्रत्येक नागरिक आपले घर, आपले काम आणि त्या दोहोंमधली सर्वांत सोयीची वाट स्वतःच ठरवतो.

या साध्या वाटणाऱ्या रेषेमागे थोडा इतिहास आहे. विल राइट यांच्या १९८९ मधील ‘सिमसिटी’ने या प्रकाराची पायाभरणी केली तेव्हा तिच्यावर जे फॉरेस्टर यांच्या १९६९ मधील ‘अर्बन डायनॅमिक्स’ या ग्रंथाचा प्रभाव होता. शहर म्हणजे लोकवस्ती, रोजगार, कर आणि घरे यांच्या परस्परांवर होणाऱ्या परिणामांची एक यंत्रणा आहे आणि ती समीकरणांनी चालवून पाहता येते, असा त्या ग्रंथाचा दृष्टिकोन होता. त्या परंपरेतील २००३ च्या ‘सिमसिटी ४’मध्ये बसचे थांबे होते, परंतु मार्ग नव्हते: खेळाडूने थांबे पेरायचे आणि कोणती बस कोठून कोठे जाते हे गृहीत धरायचे. थांबा असला की बस आहेच, हे गृहीतक वाटते त्यापेक्षा फार मोठे आहे. मार्ग आखणे म्हणजे कोणाला थेट न्यायचे, कोणाला गाडी बदलायला लावायची, कोणाच्या दारावरून जायचे आणि कोणाला फाट्यापर्यंत चालायला सांगायचे याचा निवाडा करणे, आणि ‘सिटीज: स्कायलाइन्स’ने तो निवाडा खेळाडूच्या हाती दिला, ही त्या खेळाची खरी शैक्षणिक कामगिरी मानावी लागेल.

या खेळातून जे शिकायला मिळते ते पुष्कळ आहे आणि ते खरेही आहे. बराच काळ खेळणाऱ्याला पहिल्यांदा उमगते ती गोष्ट अशी की, नागमोडी वळणे घेत प्रत्येक गल्लीतून जाणारा मार्ग कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही, कारण त्यात बसलेल्याला चालत जाणाऱ्यापेक्षा उशीर होतो. दुसरी अशी की, दोन सरळ मार्ग जेथे एकमेकांना छेदतात तेथे गाडी बदलण्याची सोय ठेवली तर थोड्या गाड्यांत मोठे शहर पालथे घालता येते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, की प्रवाशाच्या दृष्टीने मार्गापेक्षाही दोन गाड्यांमधले अंतर, म्हणजे वारंवारता, मोलाची असते. वाहतूक-नियोजनात यासाठी एक सोपे गणित वापरतात: गाडीला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन, थोडा विसावा घेऊन परत येण्यास लागणारा एकूण वेळ म्हणजे फेरीकाळ, आणि त्याला दोन गाड्यांमधल्या अंतराने भागले की त्या मार्गाला किती गाड्या लागतील ते कळते. सहा किलोमीटरच्या शहरी मार्गाचा फेरीकाळ एक तास धरला आणि दर १० मिनिटांनी बस हवी असेल तर सहा गाड्या लागतात. खेळाडू हे सूत्र बहुधा कागदावर मांडत नाही, पण थांब्यावर साचलेली गर्दी पाहून गाड्या वाढवताना तो तेच सूत्र नकळत सोडवत असतो. अमेरिकन नियोजक जॅरेट वॉकर यांनी २०११ मधील ‘ह्यूमन ट्रान्झिट’ या पुस्तकात याच तत्त्वांची मांडणी केली, आणि बार्सिलोना शहराने २०१२ पासून टप्प्याटप्प्याने आपले बसमार्ग उभ्या-आडव्या सरळ रेषांत नव्याने बांधले तेव्हा तीच तत्त्वे प्रत्यक्ष रस्त्यावर उतरली.

परंतु हे सारे शिक्षण एका विशिष्ट भूमीवर झालेले आहे, आणि ती भूमी चौकटींच्या रस्त्यांची, सपाट आणि दाट वस्तीची आहे. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके त्या भूमीपासून जितके दूर आहेत तितके क्वचितच दुसरे काही असेल, आणि म्हणूनच खेळाने शिकवलेले काय टिकते आणि काय गळून पडते हे तपासण्यासाठी त्यांच्याइतकी योग्य जागा नाही.

सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे फुटलेल्या डोंगरधारा आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या नद्या यांनी या प्रदेशाचे लांबट खोऱ्यांत तुकडे केले आहेत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांची खोरी एकमेकींच्या शेजारी असली तरी मधली धार ओलांडणे सोपे नसते, आणि त्यामुळे शेजारच्या खोऱ्यातील गाव डोक्यावरच्या खिंडीतून पायी जवळ आणि रस्त्याने लांब, असे चित्र येथे सर्रास दिसते. शिवकाळात बारा मावळांची जी व्यवस्था होती ती या भूगोलालाच धरून होती: रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, अशी एकेका खोऱ्याची देशमुखी एकेका घराण्याकडे होती, कारण खोरे हाच व्यवहाराचा, वसुलीचा आणि संरक्षणाचा नैसर्गिक घटक होता. आजचा बसमार्गही तोच घटक पाळतो. पुण्याहून सातारा रस्त्याने निघालेली गाडी कात्रजचा घाट आणि खेड-शिवापूर मागे टाकून नसरापूरच्या फाट्यावर, म्हणजे चेलाडीला, पोहोचली की पश्चिमेकडे वेल्ह्याचा रस्ता फुटतो आणि तो विंझर, मार्गासनी करीत तोरण्याच्या पायथ्याशी जातो; मार्गासनीहून साखरच्या बाजूने गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याकडे, दुसरी फांदी निघते; वेल्ह्याच्या पुढे केळदपर्यंत तिसरी. चेलाडीच्या पुढे कापूरहोळला भोरचा रस्ता वळतो, आणि भोरहून पुन्हा हिर्डोशीकडे, आंबवड्याकडे, भाटघर जलाशयाच्या काठाने वेळवंड खोऱ्याकडे अशा फांद्या पसरतात.

गणिती भाषेत अशा रचनेला वृक्ष म्हणतात. खोड एक, फांद्या अनेक, आणि एका फांदीच्या टोकाहून दुसऱ्या फांदीच्या टोकाला जायचे तर खोडापर्यंत परत आल्याशिवाय गत्यंतर नसते. याउलट शहरातील चौकटींच्या रचनेला जाळे म्हणतात, कारण तेथे कोणत्याही दोन चौकांमध्ये अनेक वाटा असतात. पाबे घाटासारखी एखादी वाट, जी खानापूरकडून वेल्ह्यात उतरते, या वृक्षाच्या दोन फांद्या मध्येच जोडते. पण असे जोड मोजकेच. वेल्हे तालुक्यातच असलेल्या पानशेत खोऱ्याचा रस्ता सिंहगडाच्या बाजूने थेट पुण्याकडे उतरतो, त्यामुळे तेथील रहिवाशाला आपल्याच तालुक्याच्या कचेरीत जाण्यासाठी हा घाट ओलांडावा लागतो. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये या तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. नाव बदलले तरी पाण्याचा उतार आणि त्याला धरून जाणारा रस्ता बदलत नाही.

हा प्रदेश खेळात उतरवता येतो का, हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ खऱ्या भूभागाचा उंचीनकाशा स्वीकारतो, उंचीनकाशा म्हणजे करड्या छटांचे एक चित्र, ज्यात प्रत्येक ठिपक्याची छटा त्या जागेची उंची सांगते, आणि खेळाला लागणारे चित्र १,०८१ बाय १,०८१ ठिपक्यांचे असते. त्याचा पूर्ण नकाशा १७.२८ किलोमीटर लांबी-रुंदीचा आहे, म्हणजे तोरणा, राजगड आणि त्यांच्या पायथ्याची गावे त्यात एकत्र बसतात. मात्र खेळातील भूभाग १,०२४ मीटरपेक्षा उंच जाऊ शकत नाही, त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच असलेला तोरणा जसाच्या तसा मावत नाही, पायथ्याची उंची वजा करूनच तो बसवावा लागतो. त्यातही मूळ खेळात प्रत्यक्ष बांधकामासाठी मिळतात ते १.९२ किलोमीटरचे नऊ चौरस, म्हणजे अवघे ३३ चौरस किलोमीटर. पुणे-भोर हे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर पूर्ण नकाशाच्या रुंदीच्या जवळजवळ तिप्पट भरते. थोडक्यात, पडद्यावर राजगड आणता येतो, पण राजगडाच्या पायथ्याच्या माणसाला पुण्याला नेणारी बस तेथे काढताच येत नाही, कारण ज्या अंतरामुळे ती बस आवश्यक ठरते ते अंतरच खेळाच्या बाहेर राहते.

अंतराचा परिणाम गणितावर कसा होतो हे पाहण्यासाठी मघाचेच सूत्र खोऱ्यात वापरून पाहावे. समजा एका फांदीची लांबी ३० किलोमीटर आहे आणि वळणे, चढ आणि हात दाखवेल तेथे थांबणे लक्षात घेता गाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर पडतो. मग एकेरी प्रवासाला ७२ मिनिटे आणि विसाव्यासह फेरीकाळ सुमारे दोन तास ४० मिनिटे होतो. शहरात ज्या सहा गाड्यांनी एका मार्गावर दर १० मिनिटांनी बस दिली, त्याच सहा गाड्या येथे एका खोऱ्याला दिल्या तर जवळपास दर २७ मिनिटांनी गाडी मिळेल, पण उरलेल्या पाच खोऱ्यांना काहीही मिळणार नाही. आणि सहा खोऱ्यांना एकेक दिली तर प्रत्येकाला दिवसात चार-पाच फेऱ्या मिळतील. जॅरेट वॉकर यांनी याच पेचाला प्रवासीसंख्या विरुद्ध व्याप्ती असे रूप दिले आहे: दाट वस्तीत गाड्या एकवटल्या तर प्रवासी वाढतात, आणि त्या पांगवल्या तर प्रवासी घटतात परंतु कोणी मागे राहत नाही, आणि या दोहोंपैकी किती प्रमाणात काय हवे हे तंत्रज्ञाने नव्हे तर समाजाने ठरवायचे असते. खेळ हा पेच सोडवत नाही, तो टाळतो. त्यात विरळ वस्तीला बस न देण्याची शिक्षा जवळपास नसते, कारण पडद्यावरच्या नागरिकाला बस मिळाली नाही तर तो कोठूनही मोटार काढून निघून जातो, अगदी खिशातून काढावी तशी. विंझरच्या पुढच्या वाडीतील माणसाच्या खिशातून मोटार निघत नाही, त्याला वडापची, म्हणजे माणसे भरून धावणाऱ्या खासगी जीपची, वाट पाहावी लागते किंवा चालावे लागते.

२०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या १ लाख ८६ हजारांच्या आसपास आणि वेल्ह्याची ५४ हजारांच्या आसपास होती, आणि ती असंख्य गावांत आणि वाड्यांत विखुरलेली आहे. या विखुरलेपणाला उत्तर म्हणून जी संस्था उभी राहिली ती एसटी. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. या दोन तारखा योगायोगाने जवळ आल्या असल्या तरी त्यांच्यात एक आंतरिक नाते आहे, कारण संस्थानाच्या प्रजेचे राज्याच्या नागरिकांत जे रूपांतर झाले त्याचा रोजच्या जगण्यातील पुरावा म्हणजे गावात येणारी सरकारी गाडी होती. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे महामंडळाचे ब्रीद आणि ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा, दोन्ही स्पष्टपणे व्याप्तीच्या बाजूची आहेत. आज पुणे विभागात भोरला आगार आहे, वेल्ह्याला नाही. म्हणजे वेल्ह्यात धावणारी प्रत्येक गाडी आधी दुसऱ्या तालुक्यातून किंवा पुण्याहून यावी लागते.

एसटीच्या कारभारात फेरीचे मूल्यमापन मुख्यतः भारमानावर होते. गाडीतील आसनांपैकी किती आसने किती अंतरापर्यंत भरलेली होती याचे शेकडा प्रमाण म्हणजे भारमान, आणि ते सतत कमी राहिले की फेरी बंद होण्याच्या यादीत जाते. खेळातील पडदाही हेच सांगतो: मार्गावर टिचकी मारली की प्रवासी किती, गाड्या किती हे दिसते, आणि जो मार्ग रिकामा धावतो तो पुसावा असेच खेळाडूला वाटते. शहरातील जाळ्यात हा निकष बऱ्याच अंशी न्याय्य आहे, कारण तेथे बस वाटेत रिकामी होते तशी भरतही जाते. खोऱ्यातील फांदीवर मात्र तो मुळातच अन्यायकारक ठरतो, आणि हे दाखवायला कोणत्याही सर्वेक्षणाची गरज नाही. संध्याकाळी भोरहून गच्च भरून निघालेली गाडी वाटेतील प्रत्येक फाट्यावर थोडी थोडी रिकामी होत शेवटच्या गावी पोहोचते तेव्हा तिच्यात मोजकी माणसे उरतात. प्रवासी सारख्या अंतराने उतरत गेले असे धरले तर सर्व आसने भरून निघालेल्या गाडीचेही भारमान सरासरी ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. ती गाडी लगेच परत फिरली तर त्या वेळी खोऱ्यातून बाहेर पडणारे कोणी नसल्याने परतीची फेरी जवळपास शून्यावर येते आणि दोहोंची सरासरी २५ टक्क्यांवर घसरते. ज्या गाडीत निघताना उभे राहायला जागा नव्हती तिची नोंद तोट्यातील फेरी अशी होते, आणि दोष गावाच्या माथी येतो.

या अडचणीवर एसटीने फार पूर्वीच जो तोडगा काढला, तो म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळची शेवटची फेरी खोऱ्याच्या टोकाच्या गावी जाते, परत फिरत नाही, तेथेच रात्रभर उभी राहते. चालक आणि वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, आणि पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, शाळा-महाविद्यालयाची मुले, शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे यांना घेऊन खाली उतरते. याचे नियोजनशास्त्रीय मर्म फारसे कोणी सांगत नाही. खोऱ्यातील प्रवासाची ओढ सकाळी खाली आणि संध्याकाळी वर अशी एकाच दिशेची असते. गाडी रात्री आगारात परत आणली तर ३० किलोमीटरच्या फांदीवर ती संध्याकाळी रिकामी उतरते आणि पहाटे रिकामी चढते, म्हणजे दोन भरल्या फेऱ्यांसाठी १२० किलोमीटर धावते आणि त्यांतले ६० वाया जातात. मुक्काम केला तर ६० किलोमीटरच धावते आणि दोन्ही वेळा माणसांच्या ओढीच्या दिशेने धावते. मुक्कामी गाडीकडे गावाला दिलेली सवलत म्हणून पाहिले जाते, वस्तुतः ती इंधनाची बचत आहे, आणि वृक्षासारख्या मार्गरचनेला साजेशी याहून काटेकोर युक्ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

खेळात ही युक्ती करताच येत नाही. तेथे प्रत्येक रेषा मिटलीच पाहिजे, प्रत्येक गाडी आगारातून जन्माला आली पाहिजे आणि आगारातच विरून गेली पाहिजे. तिला चालक नाही, वाहक नाही, त्यामुळे तिला झोपही नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या ‘आफ्टर डार्क’ या पुरवणीबरोबर खेळात दिवस-रात्र आली, बससाठी राखीव मार्गिका आणि बसस्थानक आले, आणि एखादा मार्ग दिवसाच किंवा रात्रीच चालवण्याची सोय झाली. पण रात्रीची बस म्हणजे रात्री धावणारी बस एवढाच तिचा अर्थ राहिला. रात्री उभी असलेली बस हीदेखील सेवा असू शकते, हे त्या रचनेच्या कल्पनेबाहेरचे आहे. गावात गाडी मुक्कामाला आहे एवढ्या माहितीवर किती निर्णय उभे असतात ते खोऱ्यातील कोणालाही विचारावे: मुलीला अकरावीला भोरला घालायचे की नाही, दूध डेअरीला लावायचे की नाही, आजाऱ्याला रात्र काढू द्यायची की आताच कोणाची तरी जीप शोधायची. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेखाली एसटीचा पास विनामूल्य मिळतो, ही महाराष्ट्राने केलेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. पण पास असून गाडी नसेल तर त्या पासाचा कागदाइतकाही उपयोग नाही, आणि ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन पुढच्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या एसटीच्या संपाने हे खोऱ्याखोऱ्यांत दाखवून दिले.

काळाची गोष्टही अशीच निसटते. खेळाच्या दिनदर्शिकेतील एक दिवस काही सेकंदांत सरतो, त्यामुळे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी बस तेथल्या हिशोबाने कित्येक दिवस रस्त्यावर असते, आणि अशा जगात वेळापत्रक ही कल्पनाच निरर्थक ठरते. म्हणून मूळ खेळात वेळापत्रक नाही, गाड्यांची संख्या तेवढी आहे. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रकाची खरोखर गरज नसते. पण दिवसाला चारच फेऱ्या असतील तर त्या कोणत्या वेळी आहेत हाच सारा प्रश्न असतो: शाळेच्या घंटेआधी पोहोचणारी गाडी आणि घंटेनंतर अर्ध्या तासाने पोहोचणारी गाडी यांचे भारमान कागदावर सारखे असू शकते, पण त्यांतली एक गाडी आहे आणि दुसरी नसल्यातच जमा. आठवडे बाजाराच्या दिवशी गाडीत माणसांइतक्याच पाट्या आणि पिशव्या चढतात. पावसाळ्यात वरंध घाटात दरड कोसळली की भोर-महाड रस्ता बंद होतो आणि खोऱ्याचे एक दार मिटते. भाटघरचा फुगवटा दोन काठांवरच्या गावांना समोरासमोर ठेवूनही रस्त्याने दूर लोटतो, आणि खेळाडूप्रमाणे दोन टिचक्यांत पूल टाकण्याची सोय कोणत्याही आगारप्रमुखाकडे नसते.

असे असले तरी खेळ आणि खोरे यांचा संबंध नकारातच संपत नाही. गाडी बदलण्याविषयी खेळ जे शिकवतो ते भोर-वेल्ह्याला आज अतिशय उपयोगी आहे. प्रत्येक फांदीच्या टोकाहून थेट पुण्यातील स्वारगेट स्थानकाला गाडी हवी ही मागणी समजण्यासारखी आहे, कारण सामान आणि लेकरे घेऊन फाट्यावर उन्हात ताटकळण्याचा अनुभव कोणालाच नको असतो. परंतु थेट गाडी महामार्गावर जे ४० किलोमीटर धावते तेथे इतर गाड्या भरपूर असतात, आणि तेवढ्या वेळात तिने खोऱ्यात आणखी एक फेरी केली असती. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक तालाने चालणारे वेळापत्रक लागू केले आणि डोंगरी खोऱ्यांतील पिवळ्या टपाल-बस रेल्वेच्या वेळेशी जोडून घेतल्या. गाडी येते, बाजूला बस उभी असते, माणसे चढतात, दोन्ही निघतात. कापूरहोळ आणि चेलाडी ही अशा जोडणीची तयार ठिकाणे आहेत, कारण खोऱ्यांची तोंडे तेथेच महामार्गाला मिळतात. तेथे छप्पर, पाणी, स्वच्छतागृह आणि वाहतूक नियंत्रकाची खोली असावी, आणि मुख्य म्हणजे महामार्गावरची गाडी उशिरा आली तर खोऱ्यातील शेवटची गाडी तिच्यासाठी थांबेल असा लेखी नियम असावा. हा नियम नसेल तर गाडी बदलण्याची सारी योजना खोऱ्यातील माणसाला फसवणूक वाटेल, आणि तसे वाटणे रास्तच असेल.

भोर, नसरापूर आणि वेल्ह्याच्या परिसरातही हा खेळ खेळणारी मुले असणारच, आणि त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, पडद्यावर न्यूयॉर्कसारखे शहर उभारून झाले की एकदा कानंद खोऱ्याचा उंचीनकाशा उतरवून घ्यावा, पायथ्याची उंची वजा करून तोरणा त्यात बसवावा, आणि मग पहिला थांबा चौकात न टाकता केळदला टाकावा. खेळ ती रेषा मिटवायला सांगेल, गाडी रिकामी परत पाठवेल आणि मार्ग तोट्यात आहे असे दाखवेल; तेथे थांबून, हा तोटा खोऱ्याचा आहे की मोजण्याच्या पद्धतीचा, हे वहीत आकडे मांडून पाहावे. उद्या त्यांच्यापैकी कोणी विभागीय कार्यालयात फेऱ्यांच्या याद्या करायला बसेल तेव्हा ही वही त्याच्या कामी येईल.

आणि महामंडळाने तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मुक्कामी फेरी आणि शाळेच्या वेळेची फेरी यांचे भारमान इतर फेऱ्यांबरोबर एकाच यादीत मोजणे चूक आहे; आगाराच्या नोंदीत त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना हवा, आणि त्या रकान्यातील फेरी ग्रामसभेला विचारल्याशिवाय रद्द होता कामा नये.